हरवलेले लेकरू आणि परका मनुष्य

शास्त्रपाठ : लूक २ : ४१ ते ५२, उत्पत्ति ३७ : १२ ते १७

दिवाळीच्या तोंडावरच्या एका आठवडी बाजारी मुखेड येथे आमचा चार वर्षांचा नातू पाऊण तास हरवला होता. ही हकीकत छापावी की न छापावी, याविषयी आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळ चालला होता. कारण तीत आमची शोभा नाही. परंतु ज्या उपदेशकाला स्वतःची लाज झाकून ठेवावयाची आहे त्याने दुसऱ्याच्या पापांविषयी तोंड उघडू नये, असे वाटून अखेर लेखणी हाती घेतली आहे.

दिवाळीच्या तोंडावरचा बाजार कसा असतो हे तिकडील वाचकांस सांगावयास नको. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन आलेली असतात. कोयते, चादरी, भांडी, पोरांचे सदरे, मीठमिरची, अशी कित्येक महिन्यांची तरतूद एका दिवसात व्हावयाची असते. मराठी, लमाणी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा पाच बोलींत भाव चाललेला असतो, आणि त्या सर्वांवर कोणा औषध विकणाऱ्याच्या कर्ण्याचा आवाज. आम्ही कांद्याच्या ढिगापाशी वाकून कांदे निवडीत होतो. आमची पत्नी पलीकडे बांगड्यांच्या दुकानाशी होती. सूनबाई कापड पाहात होती. पत्नीस वाटले, लेकरू आईजवळ आहे. आईस वाटले, आजोबांजवळ आहे. आम्हांस वाटले, त्याने आजीचा पदर धरिला आहे. तिघांच्या तीन समजुती, आणि लेकरू चौथ्याच ठिकाणी! पिशवी भरून आम्ही एकत्र जमलो तेव्हा तिघांनीही एकमेकांकडे तोच प्रश्न विचारणाऱ्या मुद्रेने पाहिले. त्या क्षणी पोटात जे होते ते शब्दांनी सांगता येत नाही. ज्याच्यावर तो प्रसंग आला असेल त्यास सांगावयाची गरज नाही, आणि ज्यावर आला नसेल त्यावर देव तो कधी न आणो.

आता शास्त्राकडे पाहा. वल्हांडणाच्या सणासाठी योसेफ आणि मरीया नासरेथहून यरुशलेमास गेली होती. सण आटोपून माघारी निघाली, आणि बारा वर्षांचा येशू मागे राहिला. पुत्र सोबत चाललेल्या मंडळीत कोठे तरी असेल असे समजून ती दोघे एक दिवसाची वाट चालून गेली. पुरुष मागून आणि स्त्रिया मुलांसह पुढून चालत असतील, म्हणून बापास वाटले तो आईकडे आहे आणि आईस वाटले तो बापाकडे आहे, असा तर्क टीकाकार करितात. शास्त्रात तसे लिहिलेले नाही. परंतु कांद्याच्या ढिगापाशी उभे राहिल्यापासून हा तर्क आम्हांस अगदी खरा वाटू लागला आहे.

येथे एक गोष्ट आमच्या ध्यानात पूर्वी कधी आली नव्हती. हा शास्त्रभाग आम्ही अनेक वेळा वाचला, त्यावर उपदेशही केले. पण ते सर्व मंदिरात बसलेल्या मुलाविषयी, त्याच्या ज्ञानाविषयी, गुरुजनांच्या आश्चर्याविषयी. वाटेवरच्या त्या एका दिवसाविषयी आम्ही कधी बोललो नाही. देवाने आपल्या पुत्राच्या संगोपनासाठी सर्व जगातून निवडलेली ती आई होती. तिच्याहून अधिक सावध आई कोठून आणावी? तरी तिच्या हातून मूल मागे राहिले, आणि शुभवर्तमानकाराने ते लपविले नाही, की त्याबद्दल तिला एका शब्दाने दोषही दिला नाही. आमच्या खेड्यांत मात्र लेकरू चुकले की पहिला शब्द आईवर येतो. "डोळे कुठं होते तुझे?" सासू विचारते, नवरा विचारतो, ज्याचा काही संबंध नाही तो भजी तळणाराही विचारतो. त्या बाजारात आम्हीही सूनबाईस हेच विचारिले. आमचे डोळे कांद्यावर होते, हे त्या वेळी आठवले नाही.

दुसरे असे की, मरीया व योसेफ यांनी प्रथम नातलगांत व ओळखीच्या लोकांत शोध केला, आणि तेथे न सापडल्यावर जेथून निघाली होती तेथे परत गेली. मुलगा कोठे भटकला नव्हता. तो आपल्या जागीच होता, त्याला सोडून पुढे गेली ती आईबापे. लहान मुलाच्या बाजूने पाहिले तर बहुधा असेच असते. त्याच्या लेखी तो हरवलेला नसतोच. तो फुगा पाहात उभा असतो. हरवलेली असतात ती मोठी माणसे.

आम्ही काय केले? तिघेही तीन दिशांस धावत सुटलो. कांद्याच्या ढिगापाशी, जेथून लेकरू सुटले आणि जेथे ते परत येण्याचा संभव सर्वांत अधिक, तेथे कोणीच उरले नाही. कांदेवाल्यास सांगून ठेवण्याचेही भान राहिले नाही. एकाने जागेवर उभे राहावे व बाकीच्यांनी शोधावे, एवढी साधी अक्कल त्या वेळी पळून गेली होती. कर्णेवाल्याकडे धावलो, तो भला मनुष्य, आपले औषध थांबवून विचारू लागला, "अंगात काय घातलंय लेकराच्या?" आम्ही गप्प. सकाळी त्यास आपल्या हाताने बुंद्या लावून दिल्या होत्या, पण सदरा निळा की हिरवा हे सांगता येईना. आजकाल खेड्यांतही बहुतेक घरी छायाचित्र निघणारा मोबाइल आहे. बाजारास, जत्रेस, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरे घ्यावयास किंवा नांदेडच्या स्थानकावर जावयाचे असेल त्या सकाळी लेकराचे एक छायाचित्र काढून ठेविले तर वेळ जात नाही, खर्च होत नाही. हे आम्ही आता करितो.

या संबंधात एका मुलाची खरी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या महाराष्ट्राच्या शिवेलगतची आहे. इ. स. १९८६ साली खांडव्याकडील एक गरीब घरचा पाच वर्षांचा मुलगा आपल्या मोठ्या भावाबरोबर बुऱ्हाणपूरच्या रेल्वे स्थानकावर आला. भाऊ त्यास बाकावर निजवून, येथेच थांब असे सांगून गेला. मुलास जाग आली तेव्हा भाऊ नाही. समोर उभ्या गाडीत असेल असे समजून (पाहा, तेच समजणे!) तो आत चढला, पुन्हा निजला, आणि जागा झाला तो चालत्या, बंद डब्यात. ती गाडी त्याला सुमारे दीड हजार किलोमीटर दूर कलकत्त्यास घेऊन गेली. तेथे तो काही आठवडे रस्त्यावर जगला. पुढे तो बालगृहात गेला, तेथून दत्तक जाऊन ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर वाढला. सरू ब्रायर्ली हे त्याचे आताचे नाव. आपली कथा त्याने २०१३ साली पुस्तकरूपाने लिहिली व तिजवर २०१६ साली चित्रपटही निघाला.

मुलगा मुका नव्हता, भित्रा नव्हता. मग कलकत्त्यास त्याचे घर का सापडले नाही? कारण त्याला आपल्या वस्तीचे नाव नीट उच्चारता येत नव्हते. वस्ती 'गणेश तलाई'. तो सांगे 'गणेस्तलाय'. बुऱ्हाणपूरचे नावही असेच त्याच्या तोंडी मोडून गेले होते. त्याचे स्वतःचे नाव शेरू. ते सरू झाले. तेथील लोकांस हिंदी बेताचीच. अशा नावाचे गाव नकाशावर कोणास आढळेना, म्हणून सरकारी कागदांत तो बेवारस ठरला. पंचवीस वर्षांनी, २०११ साली, उपग्रहाने टिपलेल्या नकाशांवर आगगाडीच्या रुळांचा माग काढीत काढीत त्याने एके रात्री आपल्या आठवणीतले स्थानक व पाण्याची टाकी ओळखली, आणि २०१२ साली तो घरी आला. मोठा भाऊ त्या १९८६ सालच्या सुमारासच रुळांवर मृत आढळला होता. आई मात्र त्याच वस्तीच्या आसपास राहिली होती. मूल कधी परत आले तर त्याला जुनी जागाच ठाऊक असेल, म्हणून तिने ते गाव सोडिले नाही. आम्ही पाऊण तास जागेवर उभे राहू शकलो नाही. ती पंचवीस वर्षे उभी राहिली.

आता आपल्याकडे वळू. मुखेडचे लेकरू नांदेडास चुकले आणि कोणी विचारिले, "बाळ, गाव कोणते?" तर ते सांगेल, मुखेड. ऐकणाऱ्यास ऐकू येईल, मुदखेड. मुदखेड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. बाहेरच्या माणसास तेच ठाऊक असते. बरे, जिल्हा सांगून उलगडा व्हावा तर दोन्ही तालुके नांदेड जिल्ह्यातच! मुखेडास रेल्वे नाही, मुदखेडास आहे, एवढा एक फरक पाच वर्षांच्या मुलाने पोलिसास समजावून द्यावा अशी अपेक्षा कशी करावी? त्यातून आपला मुलूख सीमेवरचा. येथून तेलंगण जवळ, कर्नाटक जवळ. ऊसतोडीच्या व वीटभट्टीच्या कामास निघालेल्या बापाबरोबर लेकरू कोठल्या राज्यातील कोठल्या फलाटावर निजेल, याचा नेम नाही. तेथे त्याची मराठी कोणास कळेल?

रविवारच्या शाळेत आम्ही बाईंस विनंती करून मुलांना त्यांच्या बापाचे नाव विचारविले. लहान मुलांपैकी बहुतेकांनी मोठ्या आवाजात सांगितले, "पप्पा!" आईचे नाव "मम्मी". गावाचे नाव एकाने "आमचं घर" असे सांगितले, आणि सर्व वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण पुरते नाही. आमच्या मुलांस बारा प्रेषितांची नावे पाठ आहेत. ती असावीत, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्यांच्या आधी बापाचे नाव, आडनाव, गाव, गावाशेजारचे मोठे गाव आणि घरचा मोबाइल क्रमांक पाठ करून घेतला तर पेत्र व आंद्रिया रागावणार नाहीत. ज्यास क्रमांक पाठ होत नाही त्याच्या खिशात चिठ्ठी घालावी. तिजवर मुलाचे नाव मोठ्या अक्षरांनी बाहेर दिसेल असे मात्र लिहू नये. नावाने हाक मारणारा कोणीही मुलास आपलाच वाटतो.

कायद्याविषयीही चार शब्द, कारण याबाबत खेड्यांत फार गैरसमज आहे. लेकरू हरविल्यावर चोवीस तास थांबावे लागते, मग पोलीस लिहून घेतात, असे पुष्कळ जण समजतात. ते खरे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने दि. १० मे २०१३ रोजी असा निर्णय दिला की, मूल हरविल्याची तक्रार येताच गुन्हा नोंदवावा, आणि त्याला पळविले असावे असे प्रथम धरूनच तपास करावा. पहिल्या घटकेस जे मूल बाजारात असते ते तिसऱ्या घटकेस मोटारीत असू शकते. म्हणून थांबू नये. उलट, ज्यास हरवलेले मूल सापडेल त्यावरही बंधन आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे त्याने चोवीस तासांच्या आत पोलिसांस, बालकल्याण समितीस किंवा मुलांसाठी असलेल्या दूरध्वनीवर कळविले पाहिजे. तो दूरध्वनी १०९८. इ. स. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आश्रयाने त्याचा आरंभ झाला आणि आता तो सरकारकडून चालतो. त्यास पैसे पडत नाहीत. पोलिसांसाठी ११२, रेल्वेत १३९. मंडळीच्या पाळकांनी हे तीन आकडे उपासनामंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, अशी आमची सूचना आहे. गीतांचे क्रमांक लिहितोच ना?

हे सर्व लिहून झाले. आता जे लिहावयाचे टाळीत होतो ते लिहितो.

पाऊण तासाने नातू दिसला. बाजार जेथे संपतो त्या रस्त्याने तो एका परक्या मनुष्याचे बोट धरून चालला होता. मनुष्य भटक्या भिक्षेकऱ्यांपैकी दिसत होता. डोक्यास विटका भगवा पटका, खांद्यास झोळी, वय आमच्याएवढेच. नातवाच्या दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली भजी होती. प्रियजनहो, आम्ही देवाचे आभार मानिले नाहीत. आम्ही ओरडलो. काय ओरडलो ते आठवते, पण येथे लिहवत नाही; पोरे पळविणाऱ्यास जे म्हणतात तेच. धावत जाऊन आम्ही त्याची झोळी धरिली. शब्द ऐकून दहा जण वळले, दहांचे चाळीस झाले. कोणी तरी त्याच्या डोक्यावर फटका मारिला. पटका धुळीत पडला. तो मनुष्य काही बोलत होता, पण कोणास ऐकावयाचे होते? इतक्यात चहाच्या गाड्यावरची एक बाई चहाचे भांडे तसेच टाकून मध्ये घुसली आणि मोठ्याने म्हणाली, "अरे, सोडा त्याला! कवापासून दुकानादुकानाला विचारतोय, लेकरू कोणाचं म्हणून. मीच म्हणलं, ठाण्यात घेऊन जा!"

रस्ता खरोखर पोलीस ठाण्याकडेच जात होता. हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही त्या गावचे जुने माहीतगार.

त्या बाईचा आवाज लहान असता तर काय झाले असते? याचे उत्तर कल्पनेने द्यावयाची गरज नाही. दि. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून त्या भागात पसरलेली होती. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तेथे आले होते. त्यांपैकी कोणी एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांस धरिले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारिले, पाचही मेले. कोणाचे मूल हरवले नव्हते. मारणाऱ्यांत चोर-दरोडेखोर नव्हते, बाजारास आलेली माणसे होती, ज्यांच्या पिशव्यांत आमच्यासारखेच कांदे असतील. ही बातमी वर्तमानपत्रात वाचून आम्ही त्या वेळी उपदेशपीठावरून बोललो होतो, आणि लोकांच्या अज्ञानाविषयी हळहळ व्यक्त केली होती.

मुले पळविणारे जगात नाहीतच, असे आमचे म्हणणे नाही. वर सांगितलेल्या त्या कलकत्त्याच्या मुलासही एका माणसाने गोड बोलून घरी नेले होते. मुलास त्याची चाहूल बरी वाटली नाही, म्हणून तो पळाला. पण त्याच शहरात दुसऱ्या एका परक्या तरुणाने त्याची भाषा ओळखून त्यास पोलिसांकडे पोहोचविले, म्हणून तो वाचला. परका तो आणि परका हाही. दोघांत निवड कशी करावी? कपड्यांवरून करता येत नाही, जातीवरून करता येत नाही. त्याची पावले कोणीकडे चालली आहेत आणि तो लोकांस विचारीत चालला आहे की लपवीत, एवढेच पाहता येते. आणि ते पाहावयास श्वासभर थांबावे लागते. तेवढे आम्ही थांबलो नाही.

प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी नावाचे एक गृहस्थ १९४६ सालापासून हरवलेल्यांचे शिबिर चालवीत आले. चुकलेली म्हातारी माणसे आणि मुले यांस ते बसवून घेत, नाव पुकारीत, आप्तांच्या स्वाधीन करीत. २०१६ साली ते निवर्तले, तोवर त्यांनी हे काम सोडिले नाही. इतकी वर्षे परक्यांची लेकरे त्यांनी हाती धरिली. कोणी त्यांचा हात पिरगळला असता तर?

उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात योसेफाची कथा आरंभते. तो कोवळा पोर बापाच्या सांगण्यावरून भावांचा समाचार घ्यावयास शखेमास गेला, आणि त्यांचा ठाव न लागल्यामुळे रानात भटकत होता. तेथे त्याला एक मनुष्य भेटला. शास्त्र त्याचे नाव देत नाही, गाव देत नाही, कूळ देत नाही. त्याने पोरास विचारिले, तू काय शोधतोस? आणि भाऊ कोणीकडे गेले ते सांगितले. एवढेच त्याचे काम; पुढे तो पुन्हा कोठेही दिसत नाही. आम्हांस मौज वाटते ती ही की, योसेफास खड्ड्यात टाकणारे व विकणारे सर्व जण सख्ख्या नात्यातले होते. ज्याने वाट दाखविली तो तेवढा परका.

बाजारातली गोष्ट अजून पुरी झालेली नाही. गर्दी पांगू लागली तेव्हा आम्ही नातवास ओढून घेतले. तो त्या मनुष्याचे बोट सोडीना. त्याला आमची भीती वाटत होती, हे आम्हांस स्पष्ट दिसले. आणि ते दिसल्यामुळेच की काय, आम्ही त्यास एक चपराक दिली. भजी खाली सांडली. तेव्हा तो भिक्षेकरी, ज्याच्या डोक्यावर आताच फटका बसला होता, पुढे होऊन म्हणाला, "मारू नका, बाबा. लेकरानं काय केलंय?"

लूकाच्या पंधराव्या अध्यायात तीन हरवलेल्यांच्या गोष्टी आहेत, आणि आम्ही उपदेशक बहुधा तिन्हींची एकच खिचडी करितो. मेंढरू हरवते ते चरता चरता, आपल्या नादात. धाकटा मुलगा हरवतो तो जाणूनबुजून, हिस्सा मागून घेऊन. पण नाणे? नाण्यास पाय नाहीत. ते हरवले ते बाईच्या हातून, तिच्याच घरात. म्हणून ती दिवा लावते, घर झाडते, आणि सापडल्यावर शेजारणींस बोलावून आनंद करिते. नाण्यास बोल लावीत नाही. चार वर्षांचे लेकरू हे त्या नाण्याच्या जातीचे आहे. आम्ही त्यास धाकट्या मुलाची शिक्षा दिली. आणि ती तरी धाकट्या मुलास कोठे मिळाली होती? त्याचा बाप तर दुरूनच धावत सुटला होता. मरीयेने तीन दिवसांनी पुत्र सापडल्यावर, तू असे का केलेस, म्हणून विचारिले खरे. पण तिने विचारिले, आणि उत्तर ऐकून घेतले, आणि ते समजले नाही तरी मनात जपून ठेविले. आमच्या नातवास काय म्हणावयाचे होते ते आम्ही त्या रात्रीपर्यंत विचारिले नाही.

रात्री त्याने सांगितले. तो कोठेही गेला नव्हता. फुगेवाल्यापाशी उभा होता, आणि आजोबा दिसेनात. मग रडू आले. मग 'झोळीवाला बाबा' आला, खाली बसला आणि विचारू लागला, बाळ, तू कोणाचा? "मी सांगितलं, आजोबांचा," नातू म्हणाला. "मग तो म्हणाला, चल, आजोबा हरवलेत, आपण शोधू." 

त्या मनुष्याने आपला पटका उचलला, झटकला, आणि तो बसस्थानकाच्या बाजूने निघून गेला. आम्ही त्यास क्षमा मागितली नाही, नाव विचारिले नाही, भज्यांचे पैसेही दिले नाहीत. त्यानंतर पाच बाजार आम्ही मुखेडास गेलो. चहावाल्या बाईस भेटलो. तिचे उपकार मानिले. तिला तो ठाऊक नाही. त्या दिवसाच्या आधी पाहिला नव्हता, पुढेही दिसला नाही, असे ती म्हणाली. ही माणसे एका गावी फार राहात नाहीत. कदाचित तो देगलूरकडे गेला असेल, कदाचित उदगीर, कंधार किंवा अहमदपूरकडे. या सर्व भागांत आपले वाचक आहेत.

तरी वाचकांस आमची विनंती आहे. साठीच्या आसपास वयाचा, विटका भगवा पटका बांधणारा भिक्षेकरी, ज्यास मुखेडच्या बाजारी एका लेकराच्या पायी मार बसला असे तो स्वतः सांगेल, आपल्या दारी आला तर त्यास बसवून घ्यावे, जेवू घालावे, आणि पाळकांच्या द्वारे आम्हांस ताबडतोब कळवावे. आम्ही नातवास घेऊन येऊ.